बर्स्ट मोड नव्हता तेव्हा: आँरी कार्तिए-ब्रेसाँ आणि रस्त्यावरचे फोटो

फोनमध्ये शटरचं बटण दाबून ठेवलं की धडाधड वीस-तीस फोटो निघतात, हे तुम्हाला माहीतच आहे. पण आजकालच्या बऱ्याच फोनमध्ये तुम्ही बटण दाबायच्या आधीच फोटो काढून झालेला असतो, हे कमी जणांना माहीत असतं. कॅमेरा ॲप उघडलं की सेन्सर सतत फ्रेम घेत राहतो आणि मेमरीतल्या एका छोट्या गोल बफरमध्ये टाकत राहतो. नवी फ्रेम आली की सगळ्यात जुनी पुसली जाते. तुम्ही बटण दाबलं की फोन नव्याने काही करत बसत नाही, त्या क्षणाची फ्रेम बफरमधून उचलतो. याला झिरो शटर लॅग म्हणतात. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना रिंग बफर ही कॉलेजात दुसऱ्या वर्षाला शिकवलेली गोष्ट, पण ती अशी खिशात बसलेली बघायला मजा येते.

हे सगळं नसताना, फक्त डोळा आणि बोट यांच्या भरवशावर एका माणसाने रस्त्यावरचे असे क्षण पकडले की स्ट्रीट फोटोग्राफी म्हटलं की आजही पहिलं नाव त्याचंच निघतं. आँरी कार्तिए-ब्रेसाँ. इथे त्याला नुसतं ब्रेसाँ म्हणतो.

जन्म 22 ऑगस्ट 1908, पॅरिसजवळच्या शांतलू-आं-ब्री या गावात. घराणं श्रीमंत, शिवणकामाच्या दोऱ्याचा मोठा धंदा. फ्रान्समधल्या घराघरांत शिवणाच्या डब्यात या घराण्याचा दोरा असायचा. पोराने धंद्यात यावं अशी घरच्यांची अपेक्षा होती आणि पोराला चित्रकार व्हायचं होतं. (ही गोष्ट आपल्याकडे कुणाला समजावून सांगायची गरज नाही. तिथे दोरा होता, इथे इंजिनिअरिंगची सीट असते.) तो आंद्रे लोत या चित्रकाराकडे शिकायला गेला. लोत भूमिती आणि प्रमाणं यांच्याबाबत फार कडक होता. चित्राच्या चौकटीत कोणती रेघ कुठे जाते, कोणता आकार कशाला तोलतो, हे त्याने पोरांकडून घोटून घेतलं. पुढे ब्रेसाँचे फोटो इतके जमून आलेले दिसतात त्याचं मूळ कॅमेऱ्यात नाही, या वर्गात आहे.

बावीस-तेवीस वर्षांचा असताना तो आफ्रिकेत आयव्हरी कोस्टला गेला. शिकार करून पोट भरायचा. तिथे त्याला ब्लॅकवॉटर फीव्हर झाला, म्हणजे मलेरियाचाच एक जीवघेणा प्रकार. आपण आता जगत नाही असं वाटून त्याने घरी पत्र पाठवलं आणि आपल्याला नॉर्मंडीत, एका जंगलाच्या कडेला पुरावं, त्या वेळी दब्यूसीचं संगीत वाजावं, अशी इच्छा कळवली. काकांचं उत्तर आलं: आजोबांच्या मते हे सगळं फार खर्चिक होईल, तेव्हा तू आधी परत ये हे बरं. तो बरा होऊन परत आला. तिथे काढलेले फोटो मात्र दमट हवेने खराब झाले, अगदी थोडे वाचले.

परत आल्यावर त्याने एक फोटो पाहिला. मार्टिन मुंकाची या हंगेरियन फोटोग्राफरने काढलेला, आफ्रिकेतल्या टांगानिका तळ्यात तीन मुलं धावत शिरतायत. उघडी पाठ, उडणारं पाणी, बास. पण हा आनंद, हा वेग एका फोटोत मावू शकतो हे त्याला त्या दिवशी कळलं. 1932 मध्ये त्याने मार्सेयमध्ये लायका कॅमेरा घेतला आणि पुढची चाळीस वर्षं तो त्याच्या हातातून सुटला नाही.

लायका म्हणजे नेमकं काय, हे इथे थोडं थांबून बघू, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. तोवर गंभीर फोटोग्राफी म्हणजे बहुतेक मोठा डबा, काचेची प्लेट आणि तिवई. लायकाने सिनेमाची 35 मिलिमीटरची फिल्म आडवी वापरली. एक फ्रेम 24 गुणिले 36 मिलिमीटर, एका रोलमध्ये 36 फोटो. कॅमेरा कोटाच्या खिशात मावायचा. आज आपण ज्याला फुल फ्रेम सेन्सर म्हणतो, त्याचं माप हेच आहे, तिथूनच आलेलं. आता उणी बाजू. ऑटोफोकस नाही. लाइट मीटर नाही, उजेडाचा अंदाज डोळ्याने घ्यायचा. प्रत्येक फोटोनंतर बोटांनी गोल खुंटी फिरवून फिल्म पुढे सरकवायची. आणि 36 फोटो संपले की रोल बदलेपर्यंत जग तुमच्यासाठी थांबत नाही.

मग चालता माणूस फोकसमध्ये यायचा कसा? यात जादू नाही, गणित आहे. ब्रेसाँ बहुतेक वेळा 50 मिलिमीटरची एकच लेन्स वापरायचा. समजा लेन्सचं छिद्र एफ 8 ठेवलं आणि फोकस चार मीटरवर लावून सोडून दिला. हिशोब केला तर साधारण तीन मीटरपासून साडेसहा मीटरपर्यंतचं सगळं पुरेसं स्पष्ट येतं. म्हणजे फोकस करायचाच नाही. माणूस त्या पट्ट्यात आला की दाबायचं. अंतर डोळ्यात बसलं की झालं. आपल्या फोनचा सेन्सर इतका छोटा असतो की हा पट्टा आपोआप खूप रुंद मिळतो, त्यामुळे ही कसरत आपल्या वाट्याला येत नाही. आणि हो, फोनचा मुख्य कॅमेरा साधारण 24 ते 26 मिलिमीटरच्या बरोबरीचा असतो, तेव्हा ब्रेसाँला दिसायची तशी चौकट बघायची असेल तर 2एक्स दाबा आणि पायांनी पुढे-मागे व्हा.

कॅमेऱ्याची चकचकीत कड दिसू नये म्हणून तो त्यावर काळी टेप लावायचा. फ्लॅश वापरायचा नाही.

1932 सालचाच फोटो, पॅरिसमधल्या सें-लाझार स्टेशनच्या मागचा. तुम्ही तो बहुधा पाहिलाय, नाव माहीत नसेल इतकंच. पाऊस पडून गेलाय, अंगणभर पाणी साचलंय, त्यात एक शिडी आडवी पडलीय. टोपी घातलेला एक माणूस त्या शिडीवरून उडी मारतो आणि त्याची टाच पाण्याला टेकायच्या आतल्या क्षणी फोटो थांबलाय. खाली पाण्यात त्याचं प्रतिबिंब. मागे भिंतीवरच्या पोस्टरवर एक नर्तकी तश्शीच झेप घेतेय, उलट्या दिशेला. पुढच्या सेकंदाला त्या माणसाचा बूट भिजणार आहे, हे आपल्याला माहीत आहे आणि म्हणूनच फोटोवरून नजर हटत नाही.

या फोटोमागची गंमत अशी की तिथे लाकडी फळ्यांचं कुंपण होतं आणि ब्रेसाँने फळ्यांच्या फटीतून लेन्स घुसवून हा फोटो काढला. फट जेमतेम लेन्सपुरती. त्यामुळे फोटोची डावी बाजू फळीने खाल्ली आणि प्रिंट करताना ती कापावी लागली. फोटो कापायचा नाही, चौकट काढतानाच पूर्ण ठरवायची, हा त्याचा पुढे प्रसिद्ध झालेला नियम; आणि त्याचा सगळ्यात प्रसिद्ध फोटो कापलेला आहे! मला हे फार आवडतं. नियम मोडला म्हणून फोटो कमी होत नाही, आणि एकदा मोडला म्हणून नियम खोटा ठरत नाही.

दक्षिण फ्रान्समधल्या इएर गावातला त्याच वर्षीचा फोटोही बघा. वरून दिसणारा गोल वळणाचा जिना आणि खाली रस्त्यावरून जाणारा, वेगाने पुसट झालेला सायकलवाला. इथे पद्धत कळते. आधी जागा हेरायची. रेघा जमल्या की उभं राहायचं आणि चित्रात जे कमी आहे ते चालत, पळत किंवा सायकलवरून येईपर्यंत थांबायचं. लोकांना वाटतं स्ट्रीट फोटोग्राफी म्हणजे धावपळ. निम्मं काम थांबण्याचं असतं.

1937 मध्ये लंडनला सहाव्या जॉर्जचा राज्याभिषेक झाला, तेव्हा ब्रेसाँला एका फ्रेंच वर्तमानपत्राने त्याचे फोटो काढायला पाठवलं. राजा, बग्गी, घोडे, सगळं समोरून जाणार. याने राजाकडे पाठ केली आणि गर्दीचे फोटो काढले. त्यातला एक तर अफलातून आहे: ट्रफाल्गर चौकात लोक कठड्यावर ओळीने बसून मिरवणुकीची वाट बघतायत आणि त्यांच्या पायांखाली, रद्दी वर्तमानपत्रांच्या ढिगात, एक माणूस गाढ झोपलाय. रात्रभर जागा धरून बसला असणार आणि ऐन वेळी डोळा लागला. आपल्याकडे पहाटेच्या गणपतीच्या मिरवणुकीत फुटपाथवर असा एक तरी माणूस सापडतोच.

पुढच्या वर्षी, 1938 मध्ये, नदीकाठी जेवायला बसलेल्या एका कुटुंबाचा फोटो. सगळे आपल्याकडे पाठ करून बसलेत, गलेलठ्ठ, निवांत. खाणं चाललंय, एकजण ग्लासात वाइन ओततोय. यात काय आहे, असं वाटू शकतं. पण फ्रान्समध्ये कामगारांना वर्षाला दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळायचा कायदा 1936 मध्ये आला होता. त्याआधी नदीकाठी असं पसरून बसणं ही कुणाची चैन होती आणि आता ती कुणाकुणाला मिळाली, हे त्या पाठींवर लिहिलेलं आहे.

त्याच सुमारास त्याचं लग्न झालं होतं. बायको रत्ना मोहिनी, जावाची नर्तकी. दरम्यान तो ज्याँ रन्वारच्या सिनेमांना साहाय्यक म्हणूनही काम करत होता.

मग युद्ध. जाण्याआधी त्याने निगेटिव्ह छाटल्या, बऱ्याच नष्ट केल्या आणि उरलेल्या बिस्किटांच्या डब्यात भरून ठेवल्या. क्लाउड बॅकअप म्हणजे तेव्हा पत्र्याचा डबा. जून 1940 मध्ये जर्मनांनी त्याला पकडलं. पकडलं जाण्याआधी त्याने लायका जमिनीत पुरून ठेवला होता. जवळजवळ तीन वर्षं युद्धकैद्यांच्या छावणीत सक्तमजुरी केली. दोनदा पळाला, दोनदा सापडला, शिक्षा भोगली. तिसऱ्यांदा, 1943 मध्ये, सुटला. आणि मग जाऊन पुरलेला कॅमेरा उकरून काढला.

इकडे न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टला वाटलं की तो युद्धात गेला. त्यांनी मरणोत्तर प्रदर्शनाची तयारी सुरू केली. हा जिवंत निघाला, आणि स्वतःच्याच मरणोत्तर प्रदर्शनासाठी फोटो निवडायला हजर झाला. 1947 मध्ये ते प्रदर्शन भरलं.

1945 चा एक फोटो मात्र हसण्यासारखा नाही. जर्मनीत देसाऊ इथे सुटका झालेल्या कैद्यांची छावणी. टेबलामागे अधिकारी बसलाय, समोर मान खाली घातलेली एक बाई, जी गेस्टापोची खबरी होती. आणि तिला ओळखणारी दुसरी बाई रागाने चेहरा वेडावाकडा करून हात उगारतेय. ब्रेसाँ तेव्हा कैद्यांच्या घरवापसीवर एक माहितीपट करत होता, त्यामुळे हाच प्रसंग त्याच वेळी सिनेमाच्या कॅमेऱ्यातही टिपला गेला. म्हणजे व्हिडिओही आहे आणि फोटोही आहे. मी दोन्ही पाहिले. व्हिडिओत ते घडतं आणि संपतं, पुढचं दृश्य येतं. फोटोत मात्र मागे उभ्या गर्दीतला एकेक चेहरा वाचायला वेळ मिळतो: कुणी बघतंय, कुणाला समाधान वाटतंय, कुणी नुसतंच दमलेलं आहे. 4के व्हिडिओ काढू आणि नंतर त्यातली फ्रेम उचलू, असं म्हणणाऱ्या माझ्या मित्रांना मी हा फोटो दाखवतो. फ्रेम उचलता येईल, नक्की येईल. पण तिथे उभं राहून कुठून बघायचं हे कुणीतरी आधीच ठरवलेलं असावं लागतं.

1947 मध्येच रॉबर्ट कापा, डेव्हिड सीमूर, जॉर्ज रॉजर यांच्यासारख्या दोस्तांबरोबर त्याने मॅग्नम ही संस्था काढली. आजच्या भाषेत हा डेटा कोणाच्या मालकीचा याचा झगडा होता. तोवर मासिकं फोटोग्राफरला पाठवायची आणि निगेटिव्ह, हक्क सगळं ठेवून घ्यायची. मॅग्नमने ठरवलं की फोटोचे हक्क काढणाऱ्याकडेच राहतील, मासिकाला फक्त छापायची परवानगी मिळेल. तुम्ही रील टाकताना ज्या अटी न वाचता मान्य करता, त्यांची आठवण झाली तर चांगलंच आहे.

मॅग्नमतर्फे तो त्याच वर्षी रत्नाबरोबर भारतात आला. मुंबईत ज्योतिषाच्या दुकानाचा फोटो काढला. कुरुक्षेत्रच्या निर्वासित छावणीत गेला. तिथला फोटो विसरता येत नाही: फाळणीत सगळं गमावलेले पुरुष हात वर करून नाचल्यासारखा व्यायाम करतायत, बसून बसून आलेली मरगळ झटकायला. रक्त नाही, रडणं नाही. आणि तरी फाळणीचे जे फोटो मी पाहिलेत त्यात मला हा सगळ्यात जड वाटतो.

जानेवारी 1948 मध्ये तो दिल्लीत होता. 27 तारखेला गांधीजी मेहरौलीच्या दर्ग्याला गेले, तिथे त्याने फोटो काढले. 30 तारखेला दुपारी बिर्ला हाउसमध्ये गांधीजींची भेट मिळाली. ब्रेसाँने आपल्या न्यूयॉर्कच्या प्रदर्शनाचं पुस्तक त्यांना दाखवलं. त्याच्या आठवणीप्रमाणे गांधीजी शांतपणे पानं उलटत होते आणि एका फोटोवर थांबले. फ्रेंच कवी पॉल क्लोदेल दारासमोर उभा आहे आणि बाजूला शववाहिनी. गांधीजींनी अर्थ विचारला, त्याने सांगितला, आणि गांधीजींनी मृत्यू हा शब्द पुन्हा पुन्हा उच्चारला. ब्रेसाँ निरोप घेऊन बाहेर पडला. थोड्याच वेळात, संध्याकाळी पाचनंतर, नथुराम गोडसेने गोळ्या झाडल्या. बातमी कळताच ब्रेसाँ परत धावला.

त्या रात्रीचा एक फोटो आहे. बिर्ला हाउसच्या फाटकापाशी नेहरू वर चढून जमलेल्या लोकांना बातमी सांगतायत. तांत्रिकदृष्ट्या फोटो वाईट आहे. अंधार, दिव्याची तिरीप थेट लेन्समध्ये शिरलीय, नेहरूंचा चेहरा पुसट. उजेड कमी म्हणून शटर जास्त वेळ उघडं ठेवावं लागलं असणार आणि तेवढ्यात माणूस हलला. आजचा फोन नाइट मोडमध्ये दहा-पंधरा फ्रेम एकावर एक रचून हा चेहरा स्वच्छ करून देईल, तिरीपही पुसेल. मला विचाराल तर नको. त्या रात्री कुणालाच काही नीट दिसत नव्हतं. त्यानंतर अंत्ययात्रा, यमुनेकाठची चिता, झाडांवर चढलेली माणसं. जगाने गांधीजींचा तो शेवटचा प्रवास बऱ्याच अंशी त्याच्या डोळ्यांनी पाहिला. त्याच वर्षी श्रीनगरला हरि पर्बतवर पहाटे प्रार्थना करणाऱ्या बायकांचा फोटो त्याने काढला, पाठमोऱ्या, एकीचे हात असे पुढे पसरलेले की समोरचे ढग तिने हातावर घेतलेत.

तिथून ब्रह्मदेश, मग चीन. डिसेंबर 1948 मध्ये शांघायला नोटांची किंमत कोसळली होती आणि सोनं घ्यायला बँकेबाहेर लोक एकमेकांना इतके चिकटून रांगेत उभे होते की फोटोत माणसं मोजता येत नाहीत. त्या चेंगराचेंगरीत काही जण मेले.

1952 मध्ये त्याचं पुस्तक आलं, मुखपृष्ठ मातीसने केलेलं. इंग्रजीत त्याचं नाव निर्णायक क्षण अशा अर्थाचं ठेवलं आणि ते शब्द त्याला जन्मभर चिकटले. मूळ फ्रेंच नाव वेगळं आहे. त्यातला सोव्हेत हा शब्द परवाना नसलेल्या फेरीवाल्यांसाठी वापरतात, पोलीस आले की माल गुंडाळून पळणाऱ्या. दादरला महापालिकेची गाडी आली की चादरीची चार टोकं धरून क्षणात गायब होणारा विक्रेता डोळ्यांसमोर आणा. तसे घाईघाईत, चोरून घेतलेले फोटो, असं काहीसं. इंग्रजी नावात फोटोग्राफर सेनापती वाटतो, फ्रेंच नावात भुरटा. मला दुसरं जास्त खरं वाटतं.

आणि इथे एक प्रश्न उरतोच. ज्यांचे फोटो काढले त्यांना विचारलं होतं का? बहुतेकांना नाही. पॅरिसच्या रू मुफतारमध्ये दोन्ही काखेत वाइनच्या मोठ्या बाटल्या घेऊन ऐटीत चाललेला मुलगा जगभर पोस्टरवर गेला. तो फोटो प्रेमाने काढलाय हे दिसतं. पण आज मी कुणा अनोळखी मुलाचा असा फोटो काढून इन्स्टाग्रामवर टाकला तर तो दोन मिनिटांत फेस रेकग्निशनच्या, लोकेशनच्या, कमेंटच्या तावडीत सापडेल. ब्रेसाँच्या निगेटिव्हवर लोकेशन टॅग नव्हता. म्हणून मी मुलांचे चेहरे टाकत नाही, आणि कुणी हाताने नको म्हणालं तर तिथेच डिलीट करून त्यांना दाखवतो. गंमत म्हणजे ब्रेसाँला स्वतःचा फोटो काढून घेणं अजिबात आवडायचं नाही. रस्त्यावर कुणी ओळखू नये, हीच त्याची खरी लेन्स होती.

त्याच्या कॉन्टॅक्ट शीट बघायला मिळाल्या तर जरूर बघा. कॉन्टॅक्ट शीट म्हणजे पूर्ण रोलचे छोटे फोटो एकाच कागदावर, आपल्या गॅलरीच्या ग्रिडसारखे. एका चांगल्या फोटोच्या आजूबाजूला फसलेले, उशिरा दाबलेले, कुणीतरी मध्ये आलेले फोटो असतात. तोही एकाच जागी पुन्हा पुन्हा दाबत होता. फरक इतकाच की 36 नंतर हात रिकामा व्हायचा, म्हणून प्रत्येक वेळी काहीतरी ठरवूनच बोट खाली जायचं. प्रिंट तो स्वतः करत नसे, ते काम लॅबवाल्यांवर सोडलेलं. फक्त सूचना एकच: पूर्ण निगेटिव्ह छापा, कापू नका.

1966 मध्ये तो पुन्हा भारतात आला. अहमदाबादला वाळूत लांबच लांब साड्या वाळत घालणाऱ्या बायका त्या वेळच्या. 1977 मध्ये आपल्या रघु राय यांचं नाव मॅग्नमसाठी त्यानेच सुचवलं. पण तोवर त्याने स्वतः फोटो काढणं जवळजवळ बंद केलं होतं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, जगात त्याच्याइतका नावाजलेला फोटोग्राफर नसताना, त्याने लायका कपाटात ठेवला आणि पेन्सिल हातात घेतली. लोकांनी फोटोबद्दल विचारलं की तो वैतागायचा.

3 ऑगस्ट 2004 रोजी, 96 व्या वाढदिवसाच्या काही दिवस आधी, तो दक्षिण फ्रान्समध्ये वारला. शेवटची तीसेक वर्षं तो मुख्यतः चित्रंच काढत होता. पॅरिसच्या घराच्या खिडकीतून त्वीलरी बाग दिसायची, तीच पुन्हा पुन्हा. अधूनमधून कुणा मित्राचा चेहरा आवडला की लायका बाहेर यायचा, एखाद-दुसरा फोटो व्हायचा, आणि परत कपाटात जायचा.